एक गोटी कमी

बान्सांगच्या शाळेत, चौथीच्या वर्गात,
फळ्यावर शुक्रवारचेच पाढे राहून गेलेत.
पडद्यामागे तीन पिंपं. रंग वेगळे, पोट सारखंच रिकामं.
गाम्बियात आम्ही मत कागदावर देत नाही.
मी प्रत्येकाच्या तळहातावर काचेची एक गोटी ठेवते,
माणूस पडद्याआड जातो,
गोटी नळीतून उतरते, आतल्या घंटीवर आपटते
टण्
आणि भुशात जाऊन निजते.
दोनदा वाजलं तर मी उठून उभं राहायचं.
एवढंच माझं काम, ऐकणं.
तिन्ही घंट्यांचा आवाज एक. त्यावरून रंग कळत नाही.

पण चोवीस वर्षं या गावाला मी अक्षरं शिकवली.
कोण ओळ आखल्याशिवाय अक्षर काढायचं नाही,
कोण उत्तर आधी सांगून गणित मग करायचं,
मला पाठ आहे.
म्हणून रांगेकडे बघत
मनातल्या मनात वाटून टाकते मी माणसं.

तो सांखा, नदीवर होडी बांधून तीनदा दोर तपासतो,
तोच शिंपी, तेच माप, तोच निळा.
तो जुन्यालाच देणार. नवं म्हटलं की पोटात गोळा येतो त्याच्या.
ती न्यिमा, सायकल येत नसताना
घाटाच्या उतारावरून सुटली होती,
गुडघ्यावरचा वण कौतुकाने दाखवते अजून.
ती नव्याला. नवं आहे, एवढ्यासाठीच.
म्हातारे तुंकारा, आज ज्याने आधी सलाम केला असेल त्याला.
आणि जाइनाबाला कुणाचं पडलेलं तोंड बघवत नाही,
जो हरणार असं गाव म्हणतं
त्याच्या बाजूला जाऊन बसते ती, कुस्तीतसुद्धा.

व्यक्ती तितक्या प्रकृती.
पिंपं मात्र तीन.

दहाच्या सुमारास जेरे सान्यांग आला.
वर्षभर आंब्याखाली, चहाच्या तिसऱ्या उकळीपर्यंत,
ज्याच्या आवाजाने बगळे उठतात,
ज्याला देशाचं सगळं ठाऊक आणि समोरच्याचं सगळं चूक.
गोटी मुठीत आवळून आत गेला.
मी कान दिला.
बाहेर शेळी ओरडली. रांगेत कुणी भुईमुगाची शेंग फोडली.
पुन्हा शेळी.
पडदा हलला, जेरे बाहेर आला,
मूठ तशीच.
माझ्याकडे न बघता उन्हात निघून गेला.

त्याच्यामागे तिडा. मीठ आणायलाही नवऱ्याला विचारते,
माझ्या वर्गात चार वर्षं
एकदाही हात वर न करता बसली.
पडदा नीट मिटायच्या आत
टण्
एवढ्या जोरात, की छपराखालची पाल पळाली.
आजची वाटलीच नाही ती गोटी,
केव्हाची धरून ठेवलेली असावी.

संध्याकाळी भोकांच्या फळीवर गोट्या मांडल्या.
पिंपांनी आकडे सांगितले, माणसं नाही सांगितली.
माझे अंदाज खरे की खोटे, कोण सांगणार?
दिल्या चारशे अठरा, आल्या चारशे सतरा.
मी, समास लाल शाईने आखणारी,
आकड्यासमोर आकडा बसल्याशिवाय न जेवणारी
(माझीही प्रकृतीच की ही),
'एक कमी' असं लिहिलं.
पुढे जागा होती, एका नावापुरती.
पेन तिथे टेकून राहिलं, शाईचा ठिपका पसरला.
मग मी पान उलटलं.

आणि माझी गोटी?
पहाटे, सगळ्यांच्या आधी टाकली होती.
आवाज ऐकल्याचं आठवत नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत
तांबड्या धुळीत मुलांनी रिंगण आखलं होतं.
जेरेच्या नातवाच्या बोटात एक गोटी,
इतरांपेक्षा नितळ, आत रंगाची रेघही नाही.
एक डोळा मिटून नेम धरून बसला होता.
"टाक की रे," पोरं ओरडत होती, "टाक!"
हा डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला,
गोटी काही सोडेना.

मीच उठून शाळेची घंटा दिली.